बांडगूळ: परग्रहावरचा परजीवी आणि मुंबईत त्याच्या तावडीतून सुटणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बांडगूळ हा कल्पनेतला प्राणी आहे. त्याचं शरीर रचलेलं आहे, पण ज्या नियमांवर ते रचलं ते खरे आहेत: जंतांचे, रसायनांचे, मूत्रपिंडाचे आणि भरती-ओहोटीचे. म्हणून खाली ‘बांडगूळ असं करतं’ असं जिथे म्हटलंय ती कल्पना समजा. नारू (पिण्याच्या पाण्यातून होणारा जंताचा रोग), निळी बाटली, ब्लीचिंग पावडर यांच्याबद्दल जे लिहिलंय ते खरं आहे. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून त्यांना क्रमांक दिले आहेत.

१. बांडगूळ म्हणजे आंब्यावर वाढतं तेच ना?

नाही, नाव तेवढं त्याच्याकडून घेतलंय. आंब्यावरच्या बांडगुळाचं बी चिकट असतं. फुलटोचा ते फळ खातो आणि बी फांदीला चिकटवून जातो. ते फांदीत शिरून पाणी ओढतं, पण अन्न स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करतं. यजमानाकडून नेमकं हवं तेवढं घ्यायचं आणि त्याला लगेच मरू द्यायचं नाही, हा गुण आमच्या प्राण्याने उचललाय.

त्याच्या चार अवस्था आहेत. पहिली पुटी: सुमारे ४० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), टणक कवचाची, पाण्यात महिनोन् महिने टिकणारी. माणसाने गिळली की आतड्यात तिच्यातून धागा निघतो. पाचव्या-सहाव्या दिवशी तो आतड्याची भिंत ओलांडून पाठीच्या बाजूला डाव्या मूत्रपिंडाजवळ जातो आणि गुंडाळी करून बसतो. ही गाठ. एकविसाव्या दिवसापर्यंत ती ४०० ग्रॅमची होते आणि खाऱ्या पाण्यात कमरेच्या कातडीतून बाहेर पडते. खाडीच्या चिखलात अशी शेकडो बांडगुळं एकमेकांना जोडली जातात. ते जाळं (प्रश्न १२). जाळं पुन्हा पुट्या सोडतं आणि चक्र पूर्ण होतं.

२. दुसऱ्या ग्रहावरचा जीव आपल्याला खाऊच कसा शकेल? रसायनं जुळायला नकोत?

बहुतेक रसायनं जुळणारच नाहीत, आणि हाच मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. अमिनो आम्लांचे डावे आणि उजवे असे दोन प्रकार होतात, हातमोज्यांच्या जोडीसारखे. पृथ्वीवरचे जीव प्रथिनांसाठी डावे वापरतात. बांडगूळ उजव्यांचं बनलंय. आपलं मांस त्याला पचत नाही आणि त्याचं आपल्याला. परग्रहावरचा विषाणू तर जवळपास अशक्यच, कारण विषाणूला आपल्या पेशीतलं यंत्र वापरावं लागतं आणि त्यासाठी जनुकांची भाषा एकच लागते.

पण काही रेणूंना डावं-उजवं नसतंच. ग्लायसिन हे सगळ्यांत साधं अमिनो आम्ल त्यातलं एक, बरीचशी स्निग्धाम्लंही (फॅटी ॲसिड) त्यातलीच. बांडगूळ रक्तातून एवढंच उचलतं. ग्लायसिन कमी पडलं की शरीर आपलंच कोलॅजन मोडायला लागतं, कारण कोलॅजनच्या साखळीत दर तिसरा मणी ग्लायसिनचा असतो. कोलॅजन म्हणजे कातडी, कूर्चा, स्नायूंच्या दोऱ्या आणि जखमांचे व्रण. स्कर्व्हीत ‘क’ जीवनसत्त्वाअभावी कोलॅजन बिघडतं आणि जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात. बांडगुळाची ओळखही तिथेच पटते (प्रश्न ५).

उलट्या हाताचा जीव नुसती करमणूक नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात इशारा दिला की असे आरशातले जिवाणू प्रयोगशाळेत बनवू नयेत, कारण आपली प्रतिकारशक्ती त्यांना नीट ओळखू शकणार नाही.

३. रात्रीत पोट फाडून माणसाएवढा राक्षस बाहेर येतो का?

येत नाही. हिशेब करून पाहा. एक किलो मांसात साधारण १,२०० किलोकॅलरी असतात. खाल्लेल्या अन्नाचा एक तृतीयांश भाग अंगाला लागला (हे फार उदार प्रमाण झालं), तर ६० किलोचा यजमान पूर्ण खाऊनही जेमतेम २० किलोचा प्राणी बनेल. उरलेल्या दोन तृतीयांशाची उष्णता होते. हे सगळं आठ तासांत उरकायचं तर पोटात सतत सुमारे ७ किलोवॅट उष्णता तयार होत राहील. बाथरूममधला इन्स्टंट गीझर ३ किलोवॅटचा असतो. म्हणजे दोनाहून जास्त गीझर पोटात चालू! अर्ध्या तासात यजमान उकळेल आणि त्याच्यासोबत राक्षसही.

तीन आठवड्यांत ४०० ग्रॅम मात्र सहज जमतं. गोमांसातून येणारा पट्टकृमी अनेक मीटर लांब वाढतो, तरी कित्येकांना पत्ताही लागत नाही.

४. लागण शिंकण्यातून होते का? लोकलमध्ये शेजारी बसलेल्याकडून?

नाही. मास्कची गरज नाही, एकाच ताटात जेवलं तरी हरकत नाही. पुटी पोटात जाण्याचे दोनच रस्ते आहेत: खाडीचं पाणी मिसळलेलं पिण्याचं पाणी आणि कच्चा राहिलेला खेकडा. चिखलातले खेकडे पुट्या गिळतात, त्या त्यांच्या अंगात तशाच पडून राहतात.

खाडीचं पाणी घरच्या नळाला कसं येतं? मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं आणि शुद्ध होऊन येतं. बिघडतं ते त्यानंतर. पाणी ठरावीक तासच येतं. उरलेल्या वेळी नळवाहिनीतला दाब पडतो आणि फटीतून बाहेरची घाण आत ओढली जाते. त्याहून मोठा धोका सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीचा. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पावसाचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, रस्त्यावर तुंबतं आणि कंपाउंडमधल्या टाकीच्या झाकणावरून आत उतरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. बांडगुळाला इतक्याची गरज नाही. झाकणावर वीतभर पाणी त्याला पुरतं.

५. कुणाला लागण झालीय हे कसं ओळखायचं?

शून्यात लागलेली नजर आणि लटपटती चाल विसरा. असा माणूस ऑफिसला जातो, फोनवर बोलतो, सुट्ट्या पैशांवरून रिक्षावाल्याशी भांडतोसुद्धा. तीन गोष्टी बघा.

डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण. लहानपणी टोचलेल्या लशीची ती खूण आठव्या-दहाव्या दिवसापासून लाल, मऊ आणि ओलसर होते. सिझेरियनचा किंवा ॲपेंडिक्सचा जुना टाकाही बघा. हिरड्यांतून रक्त येऊ लागतं.

रक्तदाब. एरवी १२०/८० असणाऱ्या तरण्याताठ्या माणसाचा १६०/१०० निघतो. पाच मिनिटं शांत बसवून दोनदा मोजा. जिना चढून आल्या आल्या मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही.

तहान आणि मिठाची ओढ. लोणच्याचा खार पिणं, पापडावर पापड, ताटातलं मीठ बोटाने चाटणं.

यातल्या एकेका लक्षणाला शंभर साधी कारणं असतात, त्यामुळे एकावरून कुणावर शिक्का मारू नका. तिन्ही एकत्र दिसली तर पोटाची सोनोग्राफी करा. गोल जंत आणि हत्तीरोगाचे जंत सोनोग्राफीत हलताना दिसतात, तशीच डाव्या मूत्रपिंडाभोवतीची गुंडाळीही दिसते. फसवणारे रुग्ण प्रश्न १५ मध्ये आहेत.

६. म्हणजे तो मेंदूचा ताबा घेतो ना?

मेंदूला तो हातही लावत नाही. पृथ्वीवरचे परजीवीही बहुतेक वेळा कमी कष्टाचा रस्ता धरतात. पाचूसारखी हिरवी एक गांधीलमाशी झुरळाला दोनदा डंख मारते. पहिला डंख छातीत, दुसरा थेट मेंदूत. मग त्याची मिशी धरून ती त्याला बिळात चालवत नेते. झुरळ चालू शकतं, फक्त आपण होऊन निघत नाही. मुंग्यांना फांदीला चावून लटकायला लावणाऱ्या बुरशीबद्दल २०१७ मध्ये समजलं की तिच्या पेशी मुंगीच्या स्नायूंभोवती जाळं विणतात, मेंदूत मात्र शिरत नाहीत.

बांडगुळाची युक्ती नळाच्या तोटीसारखी आहे. गाठ मूत्रपिंडाच्या धमनीला विळखा घालून ती थोडी आवळते. मूत्रपिंडाला वाटतं अंगातलं रक्तच कमी झालं. मग ते रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडतं, त्यातून अँजिओटेन्सिन हे संप्रेरक बनतं, रक्तदाब चढतो, तहान लागते, मिठाची ओढ वाढते. धमनी आवळली की रक्तदाब वाढतो हे गोल्डब्लॅट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांवर दाखवून दिलं होतं. बांडगुळाला एकही रसायन बनवावं लागत नाही, म्हणून उजव्या हाताचं असूनही त्याचं भागतं.

एकोणिसाव्या दिवसापासून कमरेच्या डाव्या बाजूला आग होते आणि खाऱ्या पाण्यातच ती शमते. ही चाल नारूची. नारूचा फोड असाच जळायचा, रोगी पाय पाण्यात बुडवायचा आणि जंत तिथेच पिल्लं सोडायचा. मुंबईत जवळजवळ कुठूनही तासा-दीड तासात समुद्र गाठता येतो.

७. पिण्याचं पाणी कसं करायचं?

गाळून उकळायचं, आणि याच क्रमाने.

गाळायला जुनी सुती साडी घ्या, चार घड्या घालून. नवी साडी चालत नाही. वापरून, धुऊन सूत सैल होतं, धागे पिंजतात आणि भोकं बारीक होतात. बांगलादेशात अशी घडी घातलेली जुनी साडी २० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते असं दिसलं, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती वापरणाऱ्या गावांत कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला होता. आपली पुटी ४० मायक्रॉनची, म्हणजे अडकते. सिंथेटिक साडी, ओढणी, चहाची गाळणी यांचा उपयोग नाही.

मग खळखळून उकळी फुटल्यावर तीन मिनिटं ठेवा. पाणी नुसतं कोमट करून भागत नाही. साडी बेसिनमध्ये पिळू नका, अडकलेल्या पुट्या तिच्या वरच्या बाजूलाच असतात. ती दुसऱ्या पातेल्यात टाकून उकळा.

आरओच्या बारीक पडद्यातून पुटी जात नाही. फक्त यूव्ही असलेल्या यंत्रावर मात्र विसंबू नका. प्रकाश जाड कवचाच्या आत पुरेसा पोचत नाही.

८. पाण्यात क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या तर?

पिण्याच्या पाण्याला जेवढं क्लोरीन देतात तेवढ्याने पुटी मरत नाही. पृथ्वीवरही क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेमका याच कारणाने जलशुद्धीकरणवाल्यांची डोकेदुखी आहे. गोळ्या बाकीच्या जंतूंसाठी टाका, बांडगुळासाठी प्रश्न ७.

९. सोसायटीची टाकी बुडाली होती. आता काय करायचं?

आधी पंप बंद करा. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढलं नसेल तर निम्मं काम वाचलं.

टाकी पूर्ण उपसा. तळाचा गाळ बादल्यांनी बाहेर काढा, कारण पुट्या गाळातच बसतात. भिंती ताठ ब्रशने घासा आणि ते पाणीही उपसा. पुट्यांचं खरं काम या घासण्यानेच होतं. मग टाकी भरून दर १०,००० लिटरला दीड किलो ब्लीचिंग पावडर घाला (३३ टक्के क्लोरीनची असेल तर लिटरला ५० मिलिग्रॅम पडतं), बारा तास ठेवा आणि पुन्हा रिकामी करा. पावडर आधी बादलीत कालवून निवळी ओता. सरळ टाकली तर गोळे होऊन तळाला बसतात. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पोतं घेऊ नका, दमट हवेत त्यातलं क्लोरीन उडून जातं आणि हातात नुसता चुना उरतो.

चुकतं कुठे? एक, उपसलेलं पाणी पावसाच्या गटारात सोडलं जातं आणि ते गटार थेट खाडीला जातं. ते मैल्याच्या चेंबरमध्ये सोडा, तेही ब्लीचिंग घालून. दोन, टाकीत माणूस एकटा उतरतो. बंद टाकीत गुदमरून माणसं दगावतात आणि त्यासाठी बांडगुळाची गरज पडत नाही. झाकणं काही तास उघडी ठेवा, पंखा लावा, कमरेला दोर बांधा, वर दोन माणसं उभी करा. तीन, भिंती लवकर निघाव्यात म्हणून कुणीतरी संडास धुण्याचं ॲसिड आणतं. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पुढच्या पावसाआधी झाकणाभोवती दोन फुटांचा पक्का कठडा बांधून घ्या. सर्वसाधारण सभेत खर्चावरून वाद होईलच. टँकरचं बिल जवळ ठेवा.

१०. चिंबोऱ्या कायमच्या सोडायच्या का?

सोडायची गरज नाही. कालवण रटरट उकळतं, त्यात पुटी टिकत नाही. दहा मिनिटं सलग उकळी द्या. धोका कालवणाच्या आधी असतो. रस्सा दाट व्हावा म्हणून बारीक पाय कच्चेच वाटून त्यांचा रस गाळून घालतात. तो रस उकळला जातो, पण मिक्सरचं भांडं नुसतं विसळून त्यात कोथिंबिरीची चटणी वाटली जाते आणि चटणी कच्चीच खाल्ली जाते. खेकड्यातून माणसाच्या फुप्फुसात जाणारा एक खरा कृमी अशाच भांड्यांतून, विळ्यांतून आणि हातांतून पसरतो. भांडं, पाटा, विळी यांवर उकळतं पाणी ओता, मगच दुसरं काही वाटा.

श्रावण पाळणाऱ्या घरांना या रस्त्याने लागण त्या महिन्यात होत नाही, पाण्याने होते.

११. जंताच्या गोळ्या चालतील? हाफकिनने प्लेगची लस काही महिन्यांत काढली, मग यावर का नाही?

अल्बेंडाझोल जंताच्या पेशीतल्या एका ठरावीक प्रथिनाला चिकटतं. आयव्हरमेक्टिनही तसंच, फक्त त्याचं कुलूप वेगळं. बांडगुळात ही कुलपंच नाहीत. मुलांना १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी जरूर द्या, पण साध्या जंतांसाठी.

हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले आणि १० जानेवारी १८९७ ला त्यांनी लस स्वतःला टोचून घेतली हे खरं. पण प्लेगचा जिवाणू मांसाच्या अर्कात, वर थोडं तूप सोडून, बाटलीत वाढत होता. बांडगूळ बाटलीत वाढत नाही. शिवाय लस लागू पडायला आपल्या पेशींनी शत्रूचे तुकडे करून ते इतर पेशींना दाखवावे लागतात, आणि आपल्या पाचकद्रव्यांना उजव्या हाताची प्रथिनं कापता येत नाहीत. पृथ्वीवरच्या एकाही जंतावर माणसासाठी मान्यताप्राप्त लस नाही.

औषध नाही म्हणून हातपाय गाळू नका. नारूवर लसही नव्हती आणि जंत मारणारं औषधही नव्हतं. तरी पायविहिरी बंद करून, पाणी फडक्याने गाळून आणि रोग्याला पाण्यात उतरू न देता भारताने तो संपवला. शेवटचा रुग्ण १९९६ मधला, आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. उकळतं पाणी, क्लोरीनचा जबर डोस, गोडं पाणी आणि फडकं यांना डावं-उजवं कळत नाही. या पानावरचे बहुतेक उपाय म्हणूनच याच चार गोष्टींचे आहेत.

१२. खाडीतल्या जाळ्यावर मीठ टाकलं, पेट्रोल ओतून पेटवलं, तर मरेल का?

मीठ अजिबात टाकू नका. जळवेवर आणि गोगलगाईवर मीठ चालतं म्हणून लोक गोणी घेऊन निघतात. हा खाऱ्या पाण्यातला प्राणी, मिठाकडे तो सरकत येतो. पेट्रोलने चिखलावरचा तेलाचा थर जळतो, खारफुटी जळते आणि जाळं हातभर खाली तसंच राहतं.

त्याला मारतं गोडं पाणी. पेशींच्या आत मीठ जास्त आणि बाहेर गोडं पाणी असलं की पाणी आत घुसतं आणि पेशी फुटतात. अग्निशमन दलाच्या होजने एकाच जागी दहा मिनिटं सलग मारा करा. मध्ये थांबलात तर ते आकसून चिखलात जातं. पावसाळ्यात खाडीचा वरचा थर गोडसर होतो, तेव्हा जाळं खोल दडतं. नेमक्या त्याच दिवसांत ते सर्वांत जास्त पुट्या सोडतं.

राक्षस म्हणावं असं एवढंच रूप. पावसाळ्यात जुहूला वाहून येणारी निळी बाटली एक प्राणी दिसते, पण ती अनेक जिवांची वसाहत असते. जाळंही तसंच, १५-२० मीटर पसरलेलं. तासाला दहा मीटर सरकतं, पाठलाग करत नाही. धोका गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्याला. उधाणात खारफुटीच्या कडेपासून २० मीटर लांब राहा.

१३. घरातल्या माणसाच्या अंगात गाठ आहे आणि एकविसावा दिवस उजाडलाय. काय करायचं?

शक्य असेल तर दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा. रस्ते बुडालेत आणि कुणीच पोचू शकत नाही, तेव्हाच पुढचं.

मोठा टब किंवा लहान मुलांचा हवेचा पूल घ्या. निळा ड्रम नको. त्यात चक्कर आलेल्या माणसाला बाहेर ओढता येत नाही. १०० लिटर कोमटसर पाण्यात साडेतीन किलो साधं मीठ विरघळवा, समुद्राएवढा खारटपणा येतो. रोग्याला बेंबीच्या वर चार बोटं पाणी येईल असं बसवा. गाठ ४० ते ५० मिनिटांत कमरेतून बाहेर येते. ओढायचं नाही! नारूही काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढत, कारण तुटला की आतला तुकडा सडतो. रोगी घाबरून मध्येच उभा राहिला तर बाहेरचा भाग सुकतो आणि तुटतो. म्हणून खांद्यावर हात ठेवायला एक माणूस सतत जवळ हवा.

गाठ सुटली की धमनी मोकळी होते आणि रक्तदाब झपकन उतरतो. आडवं झोपवा, पाय उंच ठेवा, शुद्धीवर असेल तर ओआरएस द्या. जखम उकळून निववलेल्या पाण्याने धुवा आणि रस्ता मोकळा होताच दवाखाना गाठा.

गाठ चिमट्याने प्रेशर कुकरमध्ये टाका, वर पाणी, पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ३० मिनिटं. पूर्ण दाबावर कुकरमध्ये साधारण १२० अंश होतात, जवळपास शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करतात तेवढे. शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा. टबातल्या पाण्यात लिटरला १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून अर्धा तास ठेवा, मग ओता. गाठ संडासात टाकून फ्लश करू नका. वरळी आणि वांद्र्याचं सांडपाणी शेवटी समुद्रातच सोडलं जातं. त्या कुकरमध्ये पुन्हा वरण लावायला विज्ञानाची हरकत नाही, घरच्यांची असेल.

१४. भरतीची वेळ कशी काढायची? आणि विसर्जनाचं काय?

अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला असते. पुढे दर तिथीला साधारण पाऊण तास वाढवा. तिथीची पाऊणपट हा जुना हिशेब: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती लहान, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती आणि जोरदार पाऊस एकत्र येत असतील त्या दिवशी टाकीचं झाकण आधीच तपासा.

अनंत चतुर्दशी म्हणजे पौर्णिमेचा आदला दिवस, उधाण ठरलेलं, आणि लाखो माणसं पाण्यात. २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी पाकटांनी लोकांना डंख केले होते, तो त्रास यापुढे किरकोळ. मूर्ती कृत्रिम तलावात विसर्जित करा. तिथलं पाणी गोडं असतं, त्यात गाठ सुटत नाही. चौपाटीवर जायचंच तर पाण्यात फक्त नेमलेले जीवरक्षक उतरतील, बाकी सगळे कोरड्या वाळूवर.

१५. नियमात न बसणारे रुग्ण कोणते?

सगळ्यांत फसवे, बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी घेणारे. ही गोळी अँजिओटेन्सिनचं कामच अडवते, त्यामुळे रक्तदाब फार चढत नाही, तहान लागत नाही, समुद्राची ओढही नाही. गाठ बाहेर पडायला खारं पाणी मिळत नाही आणि ती वाढतच राहते. मूत्रपिंडाची धमनी आवळलेली असताना या जातीच्या गोळ्यांनी मूत्रपिंड बिघडू शकतं हे खऱ्या रुग्णांतही दिसतं. अशांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्ततपासणी) तपासा आणि व्रण पाहा. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

मधुमेह्याला तहान एरवीही लागते, म्हणून तहान मोजू नका. बीसीजीचा व्रण नसलेले काहीजण असतात, त्यांच्या हिरड्या आणि गुडघ्यावरच्या जुन्या खुणा पाहा. डावं मूत्रपिंड काढलेल्यांत गाठ उजवीकडे जाते आणि एकुलत्या मूत्रपिंडाला पकडते. लघवी कमी झाली की एकविसाव्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना. दहा-बारा किलोच्या मुलांनाही हेच लागू.

१६. कुत्री, मांजरं, उंदीर?

४०० ग्रॅमची गाठ पेलायला अंग हवं. उंदीर, घूस, मांजर यांच्यात ती अर्धवट मरते. पंधरा-वीस किलोच्या कुत्र्यात पूर्ण वाढते. गल्लीतली कुत्री अचानक खाडीकडे निघाली तर ती पहिली सूचना समजा. त्यांना दगड मारू नका, पालिकेच्या १९१६ वर कळवा.

१७. शेजाऱ्यांनी लागण लपवली तर? घरोघर तपासणी करायला नको का?

रोग माणसाकडून माणसाला जात नाही (प्रश्न ४), त्यामुळे कोंडून काहीच साधत नाही. उलट लपवण्याला जोर येतो. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकाशियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर सक्तीने दवाखान्यात नेण्याच्या भीतीने लोकांनी रोगी दडवले, कित्येक मुंबई सोडून गेले. पुण्यात घरांत शिरून झालेल्या तपासण्यांचा शेवट २२ जून १८९७ ला प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. जिन्याखाली बीपीचं यंत्र ठेवा आणि तपासणी फुकट आहे असा फलक लावा. लोक आपणहून येतात.

१८. टाकी साफ केली, पाणी गाळून उकळतो, चिंबोरी बंद आहे. तरी इमारतीत तिघांना झालं. कसं?

बहुतेक बर्फातून. गोठवल्याने पुटी मरत नाही, फक्त थांबते. बर्फाचा गोळा, उसाच्या रसातला बर्फ, लग्नातलं सरबत, आणि घरच्या फ्रीजमध्ये टाकी बुडाल्यावर लगेच भरलेला ट्रे, जो कुणाच्या लक्षातच राहत नाही. बर्फ नसेल तर पाणीपुरीचं पाणी. तेही नसेल तर दात घासताना थेट नळाखाली धरलेला ब्रश. आणि आरओ यंत्राची पोटातली टाकी: वीज गेलेल्या रात्री कुणीतरी झाकण उघडून नळाचं पाणी वरून ओततं, ते पडद्यातून जातच नाही, आणि त्यानंतर आठवडाभर तोटीतून ‘शुद्ध’ पाणी म्हणून तेच येत राहतं. तिन्ही घरांत हे चार प्रश्न विचारा. ट्रे रिकामे करा आणि आरओची टाकी उघडून उकळत्या पाण्याने पुसून घ्या. यंत्राचं प्लॅस्टिक उकळतं पाणी ओतलं तर वाकतं, म्हणून फडकं उकळत्या पाण्यात बुडवून चिमट्याने धरा.